दोघींचं वजन

मुंगीच्या हाताला घट्टे पडलेत, हे तिच्या आईच्या लक्षात आलं ते एका रविवारी दुपारी, काच काढताना. फुटलेला पेला गोळा करायला गेलेल्या मुंगीच्या तळहातात एक बारीक तुकडा घुसला होता, आणि आई चष्मा नाकावर सरकवून, हातात चिमटा घेऊन तिला खिडकीपाशी घेऊन बसली होती. काच निघाली. पण आईने हात सोडला नाही. चारही बोटांच्या मुळाशी टणक, पिवळट गाठी होत्या आणि अंगठ्याजवळचं कातडं सोलवटलं होतं.

"हे काय गं?"

"कुठे काय?"

"घट्टे आहेत हे."

"लिहून लिहून झालेत."

"तू काय दगडावर लिहितेस?"

मुंगीने हात ओढून घेतला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. वर्षभर हे असंच चाललं होतं. पंधरावं लागल्यापासून पोरगी घरात असून नसल्यासारखी. जेवलीस का, हो. अभ्यास झाला का, हो. आणि मग ते दार. मुंगी हे नाव तिला बाबांनी ठेवलं होतं. सातव्या महिन्यातच जन्मली तेव्हा ती दोन तळहातांत मावेल एवढीच होती. आता ती बुटकी असली तरी चांगली ठणठणीत झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं.

आईला घट्ट्यांतलं कळत होतं. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. तळघरात खोलीएवढी यंत्रं, त्यांतून निघणाऱ्या ओल्या चादरी, त्यांचे गठ्ठे, ते गठ्ठे गाडीत, गाडी वाळवणीपाशी, तिथून इस्त्रीला. गाडीच्या दांड्याने पडणारा घट्टा वेगळा, पिळे काढणाऱ्यांचा वेगळा. मुंगीच्या हातावरचे गोल, जाड लोखंड मुठीत करकचून धरल्याचे होते. आणि मुंगी तर गेले तीन महिने संध्याकाळी गणिताच्या जादा तासाला जात होती.

दुसऱ्या दिवशी आईने अर्धी रजा टाकली आणि शाळा सुटताना समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. मुंगी बाहेर पडली, मैत्रिणींना हात केला आणि जादा तास व्हायचा त्या रस्त्याच्या बरोबर उलट दिशेला निघाली. आई मागोमाग. दोन चौक, एक पूल, मग मोटारी दुरुस्तीचं एक गॅरेज आणि त्याच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड. दारात पोचेपर्यंत आईने मनात चांगलं खरमरीत भाषण तयार केलं होतं.

आत लाकडी फळ्यांचे तीन चौथरे होते. भिंतीला लोखंडी बार आणि काळ्या चकत्या टेकवून ठेवलेल्या. सात-आठ मुली, दोन-तीन मुलगे. हवेत खडूची पूड आणि घामाचा वास. एका पायाने लंगडणारे, पिकल्या मिशांचे एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. सारी नोकरी त्यांनी टपालाच्या पार्सलखात्यात केली होती, आणि फावल्या वेळात वजनं उचलली होती.

मधल्या चौथऱ्यावर मुंगी उभी होती. पाठमोरी. ती वाकली, बार धरला, ओढला. बार मांडीपर्यंत आला आणि पुढे सटकला. पुन्हा वाकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ती बाराबरोबर स्वतःच दोन पावलं पुढे धडपडली.

आईचं भाषण तोंडातच राहिलं. कारण काय चुकतंय ते तिला लख्ख दिसत होतं. ते तिच्या रोजच्या कामातलं होतं.

"अगं, एवढं लांब काय धरतेस त्याला?" ती दारातूनच ओरडली. "पोटाशी घे!"

अख्खी शेड वळून बघायला लागली. मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला, मग लालबुंद झाला.

"आपण कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मी हिची आई."

"ते राहू द्या. मघाशी काय म्हणालात ते पुन्हा म्हणा."

आई जरा चाचरली. "नाही म्हणजे, ओला गठ्ठा अंगापासून वीतभर जरी लांब राहिला ना, तरी कंबर गेलीच म्हणून समजा. अंगाला घासत घासत वर आणायचा. आमच्याकडे नवीन बाया लागतात त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. "ऐकलंस का गं? तीन महिने मी तुझ्या कानीकपाळी हेच ओरडतोय. आता घरूनही आलं बघ."

मुंगीला पळून जावंसं वाटत असणार, पण ती पळाली नाही. तिने हाताला पूड चोळली, वाकली, आणि या वेळी बार नडगीला घासत, मांडीला घासत वर आणला. बार तिच्या खांद्यावर येऊन बसला. ती खाली बसून उठली, एक श्वास घेतला, गुडघे किंचित वाकवले आणि एका झटक्यात हात डोक्यावर सरळ केले. क्षणभर काही हललं नाही. मग तिने बार सोडला, आणि त्या धडाडण्याने पत्रे थरथरले.

टाळी वाजली. ती आपणच वाजवली, हे आईला जरा वेळाने कळलं.

घरी गेल्यावर बोलणी बसली, ती बसलीच.

"तीन महिने खोटं बोललीस माझ्याशी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग?"

 आईने आमटीचा डाव उगाच दोनदा धुतला आणि शेवटी म्हणाली, "जायचं तर माझ्याबरोबर जायचं. मी तिथे बसून राहणार. पटत असेल तर बघ."

मुंगीने तोंड वाकडं केलं, पण पटवून घेतलं.

अडचण एवढीच होती की मास्तरांच्या शेडमध्ये बसायला खुर्ची नव्हती. बाकडंही नव्हतं. "इथे बसायला कुणी येत नाही," असं ते म्हणाले. आई दोन दिवस भिंतीला टेकून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी एक रिकामा बार तिच्यासमोर आणून ठेवला. "पंधरा किलो आहे. उभ्या उभ्या पाय दुखण्यापेक्षा हात दुखलेले बरे."

"मी? या वयात? चेष्टा करता का गरिबाची?"

"वय किती?"

"त्रेचाळीस."

"माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी लहान आहात. उचला."

मुंगी दोन्ही हातांनी तोंड झाकून बघत होती. आईने ओढणी कमरेला खोचली, चपला काढल्या आणि बार उचलला. पंधरा किलो म्हणजे तिच्या लेखी काहीच नव्हतं. मास्तरांनी चकत्या चढवल्या. पंचवीस. खांद्यावर आला. तिसावर तिचा तोल गेला आणि ती सरळ मागे फतकल मारून बसली. शेडमधल्या पोरी खिदळल्या, आणि सगळ्यात मोठ्यांदा मुंगीच. आईला राग यायला हवा होता. पण मुंगीला असं मोकळं हसताना बघून किती दिवस झाले, हेच ती मोजत राहिली.

मग आई रोजच उचलायला लागली. आधी मुंगीवर लक्ष ठेवायला म्हणून, आणि पुढे कुणाला कारण सांगायची गरजच पडेना. धुलाईखात्यात ती दिवसभर ओझी उचलायची, पण तिथलं ओझं इथून तिथे जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इथेच यायचं. कुणी बघायचं नाही. शेडमध्ये तेच बळ डोक्याच्या वर जाऊन थांबायचं. मास्तर "छान" म्हणायचे, तेही रोज नाही, पण ज्या दिवशी म्हणत त्या दिवशी तिला जिना चढताना थकवा जाणवायचा नाही.

घरातलं बोलणंच बदललं. जेवताना मायलेकी गुडघे, टाचा आणि कोपरं यांवर भांडायच्या. फोनवर कुठल्या कुठल्या देशांतल्या बाया वजनं उचलताना बघायच्या, एकच चित्रफीत दहा वेळा मागे घेऊन.

"बघ, बघ, आत्ता कंबर फिरवली तिने."

"कुठे? मला नाही दिसली. परत लाव."

बाबा शिंपी होते. बाहेरच्या खोलीतच त्यांचं यंत्र होतं. ते सुई तोंडात धरून म्हणायचे, "या घरात माणसं राहतात की क्रेन? आज कुणी माझ्या यंत्राला हात लावू नका. उचलून न्याल माडीवर."

आठ महिन्यांनी स्पर्धा आली. मुंगी मुलींच्या गटात, आणि मास्तरांनी आईला न विचारताच तिचंही नाव प्रौढ महिलांत घातलेलं. आईची तयारी होती, पण पोशाखाचं नाव काढलं की ती उखडायची. "तसल्या अंगाला चिकटलेल्या कपड्यांत चार लोकांसमोर? मेले तरी नाही."

बाबांनी टेप गळ्यात घातली. "अगं, अख्ख्या वस्तीची मापं घेतो मी. बायकोचं तेवढं राहिलंय. उभी राहा सरळ." त्यांनी नियमांचा कागद दोनदा वाचला, गडद निळं ताणणारं कापड आणलं, पाय घोट्यापर्यंत झाकले, वर अर्ध्या बाह्या दिल्या. तीनदा उसवलं. "बगलेत काचतंय," "बसताना ओढतंय," असं आईने सांगायचं आणि त्यांनी मुकाट्याने उसवायचं. उरलेल्या कापडात मुंगीचाही पोशाख झाला. दोघी आरशासमोर शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा बाबा म्हणाले, "शाईची एक मोठी बाटली, एक छोटी बाटली," आणि दोघींनी मिळून त्यांना खोलीबाहेर काढलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मुंगीच्या गटाची पाळी होती. पहिला प्रकार बार एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. तीन संधी. मुंगी रोज पंचेचाळीस उचलायची, म्हणून मास्तरांनी बेचाळीसपासून सुरुवात ठेवली होती. सभागृह भरलेलं होतं. मुंगी चौथऱ्यावर आली, बार धरला आणि उचलला तो डोक्यावरून मागेच पडला. दुसऱ्यांदा बार वर थांबला, पण कोपर वाकलं. पंचांचे तीनही दिवे लाल. तिसऱ्यांदा बार तिने छातीपर्यंतच नेला आणि सोडून दिला. लोकांतून "अरेरे" असा मोठा उसासा आला. तो उसासा आईला आपल्या पाठीत बसल्यासारखा वाटला.

तीन संधी गेल्या म्हणजे निकालातून नाव गेलं. दुसरा प्रकार, आधी खांद्यावर घेऊन मग वर न्यायचा, नुसता मनासाठी करता आला असता, मास्तरांनी तसं सांगूनही पाहिलं. मुंगीने मान हलवली आणि ती कपडे बदलायच्या खोलीत निघून गेली.

आई तिथे गेली तेव्हा पोरगी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसली होती. बूटही काढले नव्हते. आई शेजारी फरशीवर बसली.  बाहेर वजनं आदळत होती, टाळ्या वाजत होत्या, मुलींचा गट संपून प्रौढांचा सुरू होत होता.

"मला नको आता हे," मुंगी म्हणाली. "कधीच नको."

"बरं."

"बरं काय बरं? समजाव ना मला काहीतरी."

"काय समजावू? वजन पडलं. मला वाईट वाटलं. तुला त्याच्या दसपट वाटलं असेल."

मुंगीने नाक पुसलं. थोड्या वेळाने आईच म्हणाली, "कामावर लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी पांढऱ्या चादरींत एक लाल पडदा टाकला होता. कळलंच नाही. दोनशे चादरी गुलाबी झाल्या."

"दोनशे?"

"दोनशे. आठ दिवस सगळे पेशंट गुलाबी चादरींवर झोपले. मोठे डॉक्टर खाली तळघरात आले बघायला, ही कोण बाई म्हणून."

मुंगीच्या तोंडून रडण्यातूनच एक हसू फुटलं. "मग तू काय केलंस?"

"काय करणार? घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर आवाज आला, "बिल्ला क्रमांक सतरा. पहिली संधी."

मुंगीने मान वर केली. "सतरा तर तुझा."

"असू दे."

"आई, एकच मिनिट असतं!"

"असू दे गं ते मिनिट."

आईला उठायचंच नव्हतं. आठ महिने घाम गाळला होता, निळा पोशाख तीनदा उसवला होता, सगळं तिला आठवत होतं. पण पोरीचा खांदा आपल्या खांद्याला टेकलाय, आणि आपण उठलो की तो निराधार होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाहेर घंटा वाजली. मिनिट संपलं होतं.

मुंगी तिच्याकडे बघतच राहिली. "तू एक संधी घालवलीस."

"गेली खरी."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यापाशी बसले होते ना मी."

"मी पडले तेवढं पुरे नाही का? आता तूही पडणार, तेही न उचलता?" मुंगी ताडकन उठली. तिने आईचं मनगट धरलं आणि तिचं सत्तर किलोचं धूड एका हिसक्यात फरशीवरून उभं केलं. "चल!"

बाहेर मास्तर घामाघूम झाले होते. "कुठे होतात ताई? लगेच पुन्हा तुमचीच पाळी आहे म्हणून दोन मिनिटं मिळतायत, नाहीतर—"

"मास्तर, थांबा," मुंगी म्हणाली. मास्तर खरंच थांबले. "आई, चार उठाबशा काढ. पटपट. कंबर गार पडलीय तुझी." तिने आईच्या दोन्ही तळहातांना पूड चोळली, बोटाबोटाला, मघाशी स्वतःला घाईत चोळली होती तशी नव्हे, सावकाश. मग तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आईच्या गालांवर पांढरे पंजे उमटले. "लोकांकडे बघू नकोस. समोर भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे बघ. मी लोकांकडे बघितलं."

आई चौथऱ्यावर आली. बत्तीस किलो. तिने घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन वाजले होते, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. बार उचलला आणि तो वर गेला. तीन पांढरे दिवे. मागून मुंगीचा आवाज आला, "सोड आता!" आणि तिने सोडला. तिसऱ्या संधीला पस्तीस, तेही वर गेले. दुसऱ्या प्रकारात पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि शेवटी मास्तर नको नको म्हणत असताना मुंगीने पन्नास लावायला सांगितले. आईने पन्नास कधीच उचलले नव्हते. बार खांद्यावर आला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आई, श्वास घे," कुठून तरी ऐकू आलं. तिने श्वास घेतला. हात सरळ झाले, पाय लटपटले, एक पाऊल मागे, एक पुढे, आणि मग सगळं स्थिर झालं. बाबा प्रेक्षकांत खुर्चीवर उभे राहिले होते आणि मागचे लोक त्यांना खाली बसा म्हणून ओरडत होते.

आईच्या गटात दोघीच होत्या. दुसरी होती एक दातांची डॉक्टर, उंच, रुंद खांद्यांची, वागायला अतिशय मऊ. तिने आईपेक्षा एकूण बावीस किलो जास्त उचललं आणि पहिली आली. बक्षिसाच्या चौथऱ्यावर तिने आईचा हात हातात घेतला आणि सोडेचना. "पुढच्या वर्षी नक्की या हं. तीन वर्षं मी एकटीच पहिली येतेय. एकटीने फार कंटाळा येतो."

"दोघींत दुसरी," बाबा पदक हातात तोलून म्हणाले.

"शेवटून पहिली म्हणा की सरळ," आई म्हणाली.  मुंगीने आईचे बूट सोडले, पिशवीत भरले आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

सोमवारी मुंगी शाळेतून थेट घरी आली. आईने विचारलं नाही. मंगळवारीही तसंच. बुधवारी आई एकटीच शेडमध्ये गेली. मास्तरांनी दाराकडे बघितलं, मग आईकडे. आईने खांदे उडवले आणि कामाला लागली. पण मन लागेना. एकदा बार मागे पडला, एकदा पुढे.

अर्ध्या तासाने दारातून आवाज आला, "तुझं डावं कोपर वाकतं."

मुंगी शाळेच्या गणवेशातच उभी होती.

"वाकत नाही."

"वाकतं. बाबांनी काढलेल्या चित्रफितीत बघितलं मी. पन्नासला तर पंचांनी तुला सोडून दिलं."

"सोडून दिलं म्हणजे? तीन पांढरे दिवे होते!"

"कीव आली असेल त्यांना."

मास्तर खाकरले आणि उगाचच चकत्या रचायला गेले. मुंगीने दप्तर कोपऱ्यात टाकलं, बूट चढवले, आणि कुणी काही म्हणायच्या आत मधल्या चौथऱ्यावर बेचाळीस किलो लावले. पहिल्यांदा बार पडला. तिने कुणाकडे बघितलं नाही. दुसऱ्यांदा वर गेला, थांबला, आणि खाली आला. तिसऱ्यांदाही. त्या संध्याकाळी तिने तो नऊ वेळा वर नेला आणि प्रत्येक वेळी आईने तिचं कोपर निरखलं. सरळ होतं.

परत येताना दोघी पुलावरून चालत आल्या. आईचं म्हणणं होतं की आपलं डावं कोपर जन्मापासूनच जरा वाकडं आहे. मुंगीचं म्हणणं होतं की असं काही नसतं, आळस असतो. आईने भर पुलावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले. "बघ. बघ नीट." मुंगी एक पाऊल मागे झाली, डोळे बारीक करून तिने बराच वेळ निरखलं, आणि मग जवळ येऊन आईचं कोपर दोन बोटांनी हळूच आत दाबलं.

"एवढंसं," ती म्हणाली. "एवढंसंच कमी पडतंय."